डोंगराच्या प्रतिकृतीवर हवाई छायाचित्राची शाल

डोंगरउतारावर उभारावयाच्या एखाद्या प्रकल्पाचे सादरीकरण संगणकाच्या पडद्यावर पाहताना प्रेक्षक क्षणभर चकित होतो. हिरवी टेकडी, तिच्यावर वळणे घेत चढणारा रस्ता, पायथ्याचा ओढा आणि मधोमध नियोजित इमारती असे हे दृश्य विमानातून पाहिल्यासारखे हुबेहूब भासते. प्रत्यक्षात मात्र ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींच्या मिलाफातून तयार होते. पहिली म्हणजे जमिनीच्या उंचसखलपणाची त्रिमितीय प्रतिकृती आणि दुसरी म्हणजे आकाशातून घेतलेले सपाट छायाचित्र. उघड्या खांद्यांवर शाल पांघरावी, तसे हे छायाचित्र प्रतिकृतीवर पांघरले जाते. म्हणूनच वास्तुरचनेच्या व्यवसायात या क्रियेला ‘ड्रेपिंग’ म्हणतात.

यातील प्रतिकृती कशी तयार होते, हे आधी पाहू. जमिनीवरील असंख्य बिंदूंची उंची मोजली जाते किंवा नकाशावरील समोच्च रेषांवरून ती घेतली जाते. हे बिंदू सरळ रेषांनी जोडले की लहान-मोठ्या त्रिकोणांचे जाळे तयार होते. कोणते बिंदू कोणाशी जोडावेत, यासाठी रशियन गणिती बोरिस डेलोने यांनी १९३४ साली मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. फार चिंचोळे त्रिकोण शक्यतो टाळायचे, हे तिचे वैशिष्ट्य होय. बिंदू जितके दाट, तितका डोंगर खरा.

या जाळ्यावर छायाचित्र चढविताना संगणक प्रत्येक त्रिकोणाचे अक्षांश-रेखांश पाहतो आणि छायाचित्राचा नेमका तेवढाच तुकडा त्यावर सरळ वरून खाली टाकतो. मात्र त्यासाठी छायाचित्र आधी शुद्ध करून घ्यावे लागते. कॅमेरा एकाच बिंदूतून खाली पाहत असल्याने उंच भाग चित्राच्या कडेकडे झुकलेले दिसतात. हा झुकाव काढून टाकल्यावर, नकाशाप्रमाणे अंतरे मोजता येतील असे जे चित्र मिळते, तेच पांघरण्यास योग्य ठरते.

एकेकाळी हे काम मोठ्या सर्वेक्षण संस्थांपुरते मर्यादित होते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अमेरिकी अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत पृथ्वीवरील सुमारे ८० टक्के भूभागाची उंची रडारच्या साहाय्याने मोजली. मे २००५ मध्ये भारताने ‘कार्टोसॅट-१’ हा उपग्रह सोडला. एक पुढे आणि एक मागे झुकलेल्या अशा त्याच्या दोन कॅमेऱ्यांमुळे एकाच जागेची दोन कोनांतून चित्रे मिळू लागली आणि त्यांतून उंची काढता येऊ लागली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘गुगल अर्थ’ आले. २००६ मध्ये गुगलने ‘स्केचअप’ ही वास्तुरेखनाची प्रणाली विकत घेतली, तेव्हा लहान कार्यालयातील वास्तुविशारदालाही आपला भूखंड छायाचित्रासह पडद्यावर आणणे शक्य झाले. ही प्रणाली २०१२ पासून ‘ट्रिम्बल’ कंपनीकडे आहे. पुढे ड्रोनच्या आगमनामुळे एकाच भूखंडाची काही सेंटिमीटर तपशिलाची चित्रे मिळू लागली.

या पांघरणीचा लाभ केवळ देखणेपणाचा नाही. समोच्च रेषांच्या नकाशात न दिसणारी झाडांची रांग, विहीर, पायवाट वा ओढ्याचे पात्र चित्रात लगेच दिसते. कोणते झाड वाचवता येईल, पाणी कुठून वाहत येते, शेजारच्या घरासमोर नवी भिंत किती उंच उभी राहील, याचा विचार आराखड्याच्या अवस्थेतच करता येतो. नकाशा वाचण्याची सवय नसलेल्या ग्रामस्थांनाही आपली जागा ओळखता येते.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. चित्र वरून टाकले जात असल्याने उभ्या कड्यावर ते ताणले जाते. ६० अंशांच्या उतारावर चित्र दुप्पट लांबते, तर ८० अंशांवर जवळजवळ सहापट. सह्याद्रीचे कातळकडे अशा प्रतिकृतीत रंगाचे ओघळ उतरल्यासारखे दिसतात, ते यामुळेच. इमारतींची छपरे जमिनीवर सतरंजीसारखी पसरतात. याउलट, उंचीच्या मोजणीत झाडांचे शेंडेच जमीन म्हणून नोंदले गेले असतील, तर दाट राईच्या जागी खोटी टेकडी उभी राहते. उपग्रहाच्या मापनातील उंची आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांत मुंबई-पुणे परिसरात ६० मीटरहून अधिक फरक पडतो. दोन्हींची सरमिसळ झाल्यास सारा आराखडाच चुकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. छायाचित्र अर्ध्या मीटरचा तपशील दाखवीत असते आणि खालच्या प्रतिकृतीतील बिंदू ३० मीटर अंतरावर असू शकतात. चित्राच्या स्पष्टतेमुळे उंचीही तितकीच अचूक असल्याचा समज होतो. समजा, ३० मीटरच्या पट्ट्यात पहिले २० मीटर सपाट आहेत आणि उरलेल्या १० मीटरमध्ये जमीन ५ मीटर चढते. तेथे खरा उतार १:२ आहे. केवळ दोन टोकांची उंची ठाऊक असलेली प्रतिकृती मात्र सर्वत्र १:६ असा सौम्य उतार दाखवील. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उताराची डोंगराळ जागा बांधकामास अपात्र ठरविण्यात आली. म्हणजेच जी जागा प्रत्यक्षात अपात्र आहे, तीच पडद्यावर पात्र दिसू शकते. २०१४ मध्ये माळीण, २०२१ मध्ये तळीये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी येथे कोसळलेल्या दरडी पाहता, डोंगरउताराचे गणित ही केवळ कागदोपत्री बाब नाही, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्यामुळे असे सादरीकरण पाहताना घर घेणाऱ्याने, गृहनिर्माण संस्थेने अथवा लोकप्रतिनिधीने काही साधे प्रश्न विचारावेत. उंचीचे बिंदू किती अंतरावर घेतले आहेत? मोजणी जमिनीवर यंत्र लावून झाली की उपग्रहावरून? छायाचित्र कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या ऋतूतील आहे? उन्हाळ्यातील चित्रात कोरडा दिसणारा नाला पावसाळ्यात दुथडी भरून वाहू शकतो. शिवाय, छायाचित्र बाजूला काढून नुसत्या त्रिकोणांचे जाळे दाखविण्याची मागणीही जरूर करावी. बहुतेक प्रणालींत ते सहज दाखविता येते आणि डोंगराविषयी खरोखर किती माहिती हाती आहे, हे त्यावरून लगेच कळते.