संगणकाचा दुभाष्या रुसतो तेव्हा

अशी कल्पना करा, की यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यात, ढाणकी येथील एका शाळेच्या संगणक-कक्षात तुम्ही बसला आहात. तेथील जुन्या संगणकात कोणीतरी देणगी दिलेले एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड नुकतेच बसवले आहे. बटण दाबताच संगणक सुरू होतो. पण पडद्यावरची अक्षरे भली मोठी, चित्रे ताणल्यासारखी, आणि चलच्चित्र तर पावलोपावली अडखळते. कार्डाचा ड्रायव्हर टाकायला जावे, तर तो अर्ध्यावरच थांबतो.

एक म्हणतो, ‘कार्ड जळाले.’ दुसरा म्हणतो, ‘सगळे पुसून विंडोज नव्याने टाका.’ तिसरा म्हणतो, ‘नांदेडला नेऊन दाखवू.’ नांदेडची खेप म्हणजे दिवस मोडला आणि वर खर्च. कित्येकदा मात्र कार्ड धडधाकट असते. बिघाड असतो तो कार्ड आणि संगणक यांच्या बोलण्यात. तो कसा शोधायचा हे आज पाहू. त्यासाठी विज्ञानाच्या तासाला शिकलेला एकच नियम पुरेसा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते पाहायचे.

दुभाष्या हवा कशाला?

संगणकाचा पडदा असंख्य ठिपक्यांचा बनलेला असतो. आज नेहमीच्या वापरातील पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा: २०,७३,६०० ठिपके! हे चित्र दर सेकंदाला ६० वेळा नव्याने पाठवायचे, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग पाठवणे आले. हे काम हलके करण्यासाठीच ग्राफिक्स कार्ड असते. त्यावर स्वतंत्र प्रक्रियक असतो आणि बहुधा स्वतःची स्मृतीही असते.

परंतु प्रत्येक कार्डाची अंतर्रचना निराळी. विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीला प्रत्येक कार्डाची बोली कशी ठाऊक असणार? म्हणून कार्डाचा उत्पादक एक आज्ञावली लिहून देतो. ती कार्यप्रणालीचे म्हणणे कार्डाला समजेल अशा भाषेत सांगते. हिलाच ड्रायव्हर म्हणतात. नावाचा अर्थ ‘चालक’ असला तरी काम दुभाष्याचे आहे.

मग दुभाष्या नसताना पडद्यावर काहीतरी दिसते ते कसे? संगणक सुरू होताना लागेल एवढी जुजबी सामायिक बोली सगळ्या कार्डांना येते. १९८७ साली आयबीएम कंपनीने आणलेली ‘व्हीजीए’ पद्धत ही अशीच एक सामायिक बोली. तिच्यात ६४० गुणिले ४८० ठिपके आणि १६ रंग एवढाच संसार होता. विंडोजलाही योग्य ड्रायव्हर मिळाला नाही, तर ती ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ नावाच्या साध्या ड्रायव्हरवर वेळ मारून नेते. यावरून पहिला निष्कर्ष निघतो. कार्डाला जोडलेल्या पडद्यावर ओबडधोबड का होईना चित्र दिसत असेल, तर पडदा, केबल आणि कार्ड ही तिन्ही निदान तेवढे काम करत आहेत. ‘कार्ड जळाले’ हा निकाल लगेच देता येत नाही.

दुभाष्याची गरज मराठीलाही पडली होती. त्या काळचे संगणक पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळींत इंग्रजी अक्षरे दाखवत. ‘क्ष’ किंवा ‘र्‍या’ यांसारखी जोडाक्षरे त्यांच्या आवाक्याबाहेर होती. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या संशोधनातून ‘जिस्ट’ हे तंत्र उभे राहिले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ते पुढे नेले. संगणकाच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवले, की जुन्या इंग्रजी आज्ञावल्यांतही देवनागरी मजकूर लिहिता-वाचता येई. तिथे दुभाष्या कार्डावरच बसला होता. आपल्या संगणकात तो आज्ञावलीच्या रूपाने असतो, एवढाच फरक.

पहिला प्रश्न: संगणकाला कार्ड दिसते का?

केबल पाहण्यापासून सुरुवात करा. डेस्कटॉपला पडद्याची केबल जोडण्याच्या जागा दोन ठिकाणी असू शकतात: एक मदरबोर्डवर आणि दुसरी नव्या कार्डावर. केबल मदरबोर्डलाच राहिली असेल, तर कार्ड बिचारे रिकामे बसून राहते.

त्यानंतर वीज. पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी जोडणी द्यावी लागते: ६ पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. ही जोडणी विसरली, तर कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही. संगणक उघडण्यापूर्वी तो बंद करून वायर भिंतीतल्या सॉकेटातून काढा, पेटीच्या धातूला हात लावून अंगातील स्थितिक विद्युत घालवा, आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

आता विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर्स’ या शीर्षकाखाली पाहा. तेथे किंवा अनोळखी उपकरणांच्या यादीत कार्ड कोणत्याही नावाने दिसले, तर ते संगणकाला सापडले आहे. मुळीच न दिसल्यास दोष खाच, वीज किंवा कार्ड यांत शोधायचा. ड्रायव्हरच्या मागे लागू नये.

दुसरा प्रश्न: हा ड्रायव्हर याच कार्डाचा का?

प्रत्येक कार्डात दोन ओळख-क्रमांक कोरलेले असतात, एक उत्पादकाचा आणि दुसरा त्या नमुन्याचा. ते षोडशमान पद्धतीत, म्हणजे शून्य ते नऊ हे अंक आणि ‘ए’ ते ‘एफ’ ही अक्षरे वापरून, चार-चार चिन्हांत लिहितात. अशा चार चिन्हांतून ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक होतात. एनव्हिडियाचा क्रमांक १०डीई, एएमडीच्या कार्डांचा १००२. इंटेलचा तर गमतीदार आहे: ८०८६, म्हणजे १९७८ साली आलेल्या त्यांच्याच प्रसिद्ध प्रक्रियकाचे नाव! डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले, की हे क्रमांक दिसतात.

ड्रायव्हरच्या संचातही अशा क्रमांकांची यादी असते. परीक्षेच्या दिवशी दालनाबाहेर बैठक क्रमांकांची यादी लावलेली असते ना, तसेच हे. यादीत क्रमांक नसेल तर आत प्रवेश नाही. ‘सुसंगत हार्डवेअर सापडले नाही’ असा संदेश येतो तो यामुळेच.

येथे ‘नवे ते चांगले’ हा समज फसवतो. एनव्हिडियाची ‘केप्लर’ रचनेची कार्डे २०१२ मध्ये आली. जीटी ७१० हे साधे कार्डही त्याच कुळातले. त्यांना चालणारी शेवटची ड्रायव्हर-मालिका ४७० क्रमांकाची. २०२१ मध्ये आलेल्या ४९५ पासून पुढच्या ड्रायव्हरांच्या यादीत ती नाहीत. अशा कार्डाला ताजा ड्रायव्हर देऊन भागत नाही; त्याचा जुना सोबतीच शोधावा लागतो. कार्यप्रणाली ३२ बिटांची आहे की ६४ बिटांची, हेही जुळले पाहिजे.

ड्रायव्हर घ्यायचा तो उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच. ड्रायव्हरला कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात प्रवेश असतो. भलत्याच ठिकाणाहून तो आणणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती घराच्या किल्ल्या देणे होय.

तिसरा प्रश्न: बसवण्याचे काम पुरे झाले का?

ही फाइल कित्येकदा ५०० मेगाबाइटहून मोठी असते. मोबाइलच्या जोडणीवर ती उतरवताना मध्येच खंड पडला, तर फाइल अपुरी राहते. म्हणून तिचा आकार संकेतस्थळावर दिलेल्या आकाराशी ताडून पाहा. बसवत असताना वीज गेली, तर निम्मा ड्रायव्हर नवा आणि निम्मा जुना अशी खिचडी होते. अशा वेळी विंडोज ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून आधीचा ड्रायव्हर पूर्ण काढावा आणि मग नवा बसवावा. तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर विंडोज स्वतःच दुसरा ड्रायव्हर आणून बसवू लागते. शाळेच्या संगणकावर मर्यादित खाते असल्यास प्रशासक-खात्याची परवानगीही लागते.

लिनक्सवर हीच अडचण निराळ्या वेषात येते. तेथे एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूवो’ नावाचा मुक्त ड्रायव्हर बहुधा आधीच हजर असतो. त्याला बाजूला न करता कंपनीचा ड्रायव्हर टाकला, तर एकाच कार्डापुढे दोन दुभाषे उभे राहतात, आणि संवाद कसला, गोंधळच होतो. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल, तर स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर लिनक्स आत घेत नाही.

संगणक काय सांगतो ते वाचा

डिव्हाइस मॅनेजर बिघाडाचा क्रमांकही देतो. २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही. ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पडताळता आली नाही. ४३ म्हणजे उपकरणाने स्वतःच अडचण कळवली म्हणून विंडोजने ते थांबवले. यामागे ड्रायव्हर असू शकतो, तसेच कार्डही. मग भेद कसा करायचा? ते कार्ड दुसऱ्या चांगल्या संगणकात बसवून पाहा. तेथेही योग्य ड्रायव्हरसह ४३ आला, तर संशयाची सुई कार्डाकडे वळते. तेथे ते नीट चालले, तर कार्ड निर्दोष सुटले.

आणखी एक खूण ध्यानात ठेवा. विंडोज कार्डाच्या उत्तराची सामान्यतः २ सेकंद वाट पाहते. उत्तर आले नाही तर ड्रायव्हर नव्याने सुरू करते. तेव्हा पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. हे संगणक सुरू करताच घडते, की अर्ध्या तासाने तापल्यावर? विदर्भाच्या उन्हाळ्यात, धुळीने पंखा गच्च भरला असेल, तर दोष उष्णतेचाही असू शकतो. पंखा साफ करून पुन्हा पाहा. पण त्याच वेळी ड्रायव्हर मात्र बदलू नका. दोन्ही एकदम बदलले आणि बिघाड गेला, तर कशाने गेला हे कधीच कळणार नाही.

करून पाहा

तुमच्या शाळेतील प्रत्येक संगणकासाठी वहीचे एक पान राखा. त्यावर ग्राफिक्स कार्डाचे दोन्ही ओळख-क्रमांक, कार्यप्रणालीचे नाव, ती ३२ बिटांची की ६४ बिटांची, आणि सध्या व्यवस्थित चालणाऱ्या ड्रायव्हरचा क्रमांक लिहा. त्या ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा. पुढे काही बिघडले, तर काय बदलले आणि त्याचा काय परिणाम झाला, हे त्याच पानावर तारखेसह नोंदवा. नांदेडची खेप करावीच लागली, तरी ही वही सोबत न्या. तंत्रज्ञाचा पहिला तास वाचेल, आणि चांगले कार्ड भंगारात जाण्यापासूनही वाचेल.