हाड इथे पांढरं, तिथे काळं: मग जुळवायचं कसं?

आपल्या वर्धा जिल्ह्यात दोन मेडिकल कॉलेजं, एक सावंगीला, एक सेवाग्रामला. सेवाग्रामचं तर 1969 सालचं, देशातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज. अशा ठिकाणी मेंदूत गाठ असलेल्या पेशंटला सीटी सांगतात, एमआरआयही सांगतात. एकाच डोक्याचे दोन फोटो कशाला, असं मला बरेच जण विचारतात.

कारण दोघांना वेगवेगळं दिसतं. सीटी म्हणजे एक्स-रे. रेडिएशन कुठे किती शोषलं जाईल, हे त्यावरून मोजता येतं. पण मऊ गाठीचा काठ एमआरआयवरच नीट उमटतो. म्हणून काठ एमआरआयवर आखायचा आणि डोस सीटीवर मोजायचा. दोन्ही चित्रं तीन मिलिमीटर जरी इकडेतिकडे बसली, तरी गाठीचा तुकडा सुटतो आणि मार बसतो डोळ्याच्या नसेला. गेलेली नजर मग परत येत नाही.

आता हे जुळवतात कसं? गावाचा सरकारी नकाशा सॅटेलाइट फोटोवर ठेवून बघा. विहीर, देऊळ, रस्त्याचा फाटा धरून तुम्ही नकाशा सरकवता, फिरवता. डोक्याचंही तसंच. कवटी कडक, त्यामुळे फक्त सहा आकडे शोधायचे: तीन दिशांना किती सरकवायचं आणि किती फिरवायचं.

खरी गोम पुढे आहे. कवटीचं टणक हाड सीटीत पांढरंफेक, एमआरआयत काळं! रंगाला रंग जुळवत बसलात तर गणित फसणारच. 1995च्या सुमारास अमेरिकेत व्हायोला आणि वेल्स यांनी, तिकडे बेल्जियममधल्या ल्युवेनच्या गटानंही, यावर तोड काढली. रंग सारखे नसू देत. एका चित्रातला रंग कळल्यावर दुसऱ्यातला किती नेमका ओळखता येतो, तेवढं मोजा. चित्रं नीट बसली की हा अंदाज सगळ्यात पक्का होतो. मला तरी ही कल्पना भन्नाट वाटते.

पोटात मात्र पंचाईत. श्वासाबरोबर लिव्हर वरखाली होतं, म्हणजे चित्र रबरासारखं ताणावं लागतं. आणि जास्त मोकळीक दिली की कॉम्प्युटर नसलेलं साम्यही ओढूनताणून आणतो. म्हणून शेवटी डॉक्टर स्क्रीनवर एक चित्र दुसऱ्यावरून सरकवत बघतात: डोळ्याच्या गोळ्याची कड तुटतेय का, मेंदूतल्या पोकळ्या जागेवर आहेत का. तुटली, तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून.