संगणकीय आरेखनातील ब्लॉक : व्याख्या, विनियोग आणि शुद्धी

इमारतीच्या नकाशात एकच आकृती अनेकवार काढावी लागते. दारे, खिडक्या, विजेच्या बटणांची चिन्हे ही याची नित्याची उदाहरणे होत. संगणकावर आरेखन करताना अशी आकृती एकदाच सिद्ध करून हवी तेथे योजता येते. ऑटोकॅड या १९८२ साली बाजारात आलेल्या प्रणालीत तिला 'ब्लॉक' ही संज्ञा आहे. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला सादर केलेल्या 'स्केचपॅड' या प्रबंधात मूळ आकृती बदलली की तिच्या सर्व प्रतिमा आपोआप बदलतील, अशी योजना होती.

ब्लॉकची दोन अंगे नीट वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले अंग व्याख्येचे. तीत आकृतीच्या रेषा, तिचे नाव व आधारबिंदू नोंदलेले असतात. दुसरे अंग विनियोगाचे. प्रत्येक विनियोगात मुख्यतः नाव, स्थान, प्रमाण आणि कोन एवढीच नोंद होते. बारा रेषांचे एक दार २०० ठिकाणी सुटे काढले तर २४०० रेषा साठवाव्या लागतील. ब्लॉक योजल्यास १२ रेषा आणि २०० विनियोग पुरतात. शिवाय व्याख्येत दुरुस्ती केली की दोनशेही दारे एकदम सुधारतात.

या सोयीतूनच तीन प्रकारचे दोष उद्भवतात. पहिला दोष अवशिष्ट व्याख्यांचा. नकाशातील सर्व विनियोग पुसले तरी व्याख्या फाइलमध्ये तशीच राहते व फाइल निष्कारण फुगते. दुसरा दोष नामसाम्याचा. दोन आरेखकांनी निरनिराळ्या दारांना 'दार-१' हेच नाव दिले असेल आणि एकाचा नकाशा दुसऱ्याच्या नकाशात आणला, तर आधीच असलेली व्याख्या कायम राहते आणि येणारी व्याख्या टाकून दिली जाते. आदेशाच्या ओळीत तशी त्रोटक सूचना उमटते, परंतु तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परिणामी ९०० मिलिमीटरचे दार निमूटपणे ७५० मिलिमीटरचे होऊ शकते. तिसरा दोष विघटनाचा. 'एक्स्प्लोड' आदेशाने ब्लॉक फोडला की दिसण्यात बहुधा काहीच फरक पडत नाही, पण त्याची ओळख नष्ट होऊन केवळ सुट्या रेषा उरतात.

या तिसऱ्या दोषाचे महत्त्व परिमाणपत्रक करताना कळते. दारांची संख्या ब्लॉकच्या नावावरून मोजली जाते. २०० पैकी ७ दारे फोडलेली असतील, तर संगणक १९३ असेच उत्तर देईल. त्याचा हिशेब चुकलेला नसतो. त्याला सात दारे दिसलेलीच नसतात. पुढे मागणीपत्र, सुतारकाम आणि खर्चाचा अंदाज ही सारी त्याच आकड्यावर उभी राहतात.

शुद्धीचा क्रम यावरून ठरतो. प्रथम मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी आणि 'ऑडिट' आदेशाने फाइलची अंतर्गत तपासणी करावी. नंतर ब्लॉकच्या नावांची यादी पाहून संदिग्ध नावे बदलावीत. एकाच वस्तूच्या दोन व्याख्या आढळल्यास एक निश्चित करून दुसरीच्या जागी ती योजावी. फोडलेल्या आकृतींच्या जागी पुन्हा ब्लॉक बसवावेत. 'पर्ज' आदेश सर्वांत शेवटी द्यावा, कारण तो केवळ निरुपयोगी ठरलेल्या व्याख्याच काढतो आणि वरील फेरबदलांनंतरच जुन्या व्याख्या तशा ठरतात. एका ब्लॉकच्या पोटात दुसरा असेल, तर बाहेरचा असेपर्यंत आतला निघत नाही. म्हणून काही शिल्लक न उरेपर्यंत हा आदेश पुनःपुन्हा द्यावा, अथवा पोटातील घटकही काढण्याचा पर्याय निवडावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अद्याप न वापरलेले परंतु पुढे लागणारे ब्लॉकही 'पर्ज'च्या दृष्टीने निरुपयोगीच असतात. त्यामुळे कार्यालयाचा प्रमाणभूत संग्रह स्वतंत्र फाइलमध्ये ठेवावा. तसेच व्याख्येतील रेषा '०' या थरावर काढून त्यांचा रंग थरानुसार ठेवावा, म्हणजे ब्लॉक ज्या थरावर योजला जाईल त्याचा रंग त्या धारण करतात आणि रंगभेदासाठी नवी व्याख्या करण्याचे कारण उरत नाही.

सारांश, फाइलचा आकार घटणे हे शुद्धीचे गौण फल होय. एका नावाने एकच वस्तू दर्शविली जावी आणि प्रत्येक वस्तू आपल्या नावाने मोजली जावी, हे तिचे मुख्य प्रयोजन आहे.