खेळांत उतरलेला चेहरा

भवभूतीच्या उत्तररामचरिताच्या पहिल्याच अंकांत लक्ष्मण रामसीतेस त्यांच्याच चरित्राचीं चित्रें दाखवितो, हा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. चित्रांत शूर्पणखा दिसतांच सीता घाबरते, आणि हें केवळ चित्र आहे असें रामास तिला सांगावें लागतें. आपण ज्यांत पात्र आहों असें चित्र पाहत बसण्याची हौस इतकी जुनी आहे. हल्लीं पडद्यावर जे व्हिडिओ गेम मुलें खेळतात, त्यांतील खेळाडूच्या धडावर आपलाच चेहरा बसविण्याची सोय निघाली आहे, ती या हौसेचीच पुढची पायरी होय. भेद इतकाच कीं, सीतेचें चित्र अयोध्येच्या राजवाड्यांतच राहिलें. मुलाचा चेहरा घराबाहेर कोठवर जातो, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

चेहरा लागला कीं वस्तूस व्यक्तित्व येतें, हें खानदेशांतील माणसास निराळें सांगावयास नको. श्रावणांत कानबाई बसते, तेव्हां नारळास डोळे, नाक व नथ लावून तिची स्थापना होते. त्या क्षणापासून घरांतील कोणीहि त्या नारळास नारळ म्हणत नाहीं. धुळ्यास एकवीरादेवीच्या यात्रेंत काय किंवा जळगांवीं कार्तिकी एकादशीच्या रथोत्सवांत काय, पुठ्ठ्याच्या विमानांत बसवून फोटो काढून देणारा एखादा फोटोवाला आमच्या लहानपणीं हटकून भेटे. आणि कॅमेऱ्याच्या साहाय्यानें खोट्यास खरें भासविण्याची कला पाहावयाची, तर ती चाळीसगांवच्या केकी मूस यांची (१९१२–१९८९). टेबलावर क्षुल्लक वस्तु मांडून ते अशीं छायाचित्रें घेत कीं, तीं विस्तीर्ण निसर्गदृश्यें वाटावींत. त्यांचें घर आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळतें. ज्यांनीं तें पाहिलें नसेल त्यांनीं एकदां तेथें अवश्य जावें.

खेळयंत्रांची कथा १९९८ पासून सुरू होते. त्या वर्षीं निन्टेन्डो या जपानी कंपनीनें आपल्या हातांतील छोट्या यंत्रास जोडावयाचा 'गेम बॉय कॅमेरा' काढला. त्याचें चित्र १२८ गुणिले ११२ ठिपक्यांचें, आणि रंग म्हणाल तर करड्याच्या चार छटा! तरी त्यांतील एका चेंडूच्या खेळांत झेलणाऱ्याच्या खांद्यावर आपलें डोकें दिसे, आणि मुलें तेवढ्यानेंच हरखत. पुढें २००३ मध्यें सोनीचा 'आयटॉय' आला, २००६ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा कॅमेरा आला. 'रेनबो सिक्स व्हेगास' या खेळांत या कॅमेऱ्यानें आपला चेहरा टिपून तो शिपायास लावतां येई. २०१० चा 'कायनेक्ट' अदृश्य अवरक्त किरण टाकून समोरच्या वस्तूचें अंतरच मोजी, म्हणजे नाक किती पुढें व डोळे किती खोल हें त्यास कळे. अशा मापांवरून संगणक डोक्याचा त्रिमित सांगाडा उभारतो व त्यावर त्वचेचें चित्र कातड्यासारखें चिकटवितो.

या हौसेंतील अडचण फार लौकर उघडकीस आली होती. 'पर्फेक्ट डार्क' नांवाच्या बंदुकीच्या खेळांत गेम बॉय कॅमेऱ्यानें घेतलेले चेहरे पात्रांस लावतां येतील, असें १९९९ मध्यें जाहीर झालें होतें. त्याच वर्षीं एप्रिलांत अमेरिकेंत कोलंबाइन येथील शाळेंत दोघां विद्यार्थ्यांनीं गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले. खेळ २००० मध्यें बाहेर पडला, तेव्हां ती सोय त्यांतून गाळलेली होती. कर्त्यांनीं तांत्रिक कारण पुढें केलें. परंतु ओळखीच्या माणसाचा चेहरा लावून त्यावर नेम धरावयाचा, ही कल्पनाच त्या दिवसांत अनेकांस असह्य झाली असल्यास नवल नाहीं. मौज अशी कीं, २०११ च्या निन्टेन्डो यंत्रांत असाच एक खेळ आयता भरून आला. त्यांत घरांतल्यांचे फोटो घ्यावयाचे, म्हणजे तींच मुंडकीं हवेंत उडत येतात व त्यांवर चेंडू मारावयाचे. आजोबांच्या डोक्यावर चेंडू मारण्यांत नातवास काय आनंद होत असेल, याची आम्हांस थोडीबहुत कल्पना आहे, आणि तेवढ्यापुरता आमचा त्यास आक्षेपहि नाहीं.

आक्षेप आहे तो चेहऱ्याच्या मालकीविषयीं. बास्केटबॉलच्या 'एनबीए २के१५' या खेळांत चेहरा देण्यासाठीं कॅमेऱ्यापासून ६ ते १२ इंचांवर तोंड धरून, मान ३० अंशांनीं डावीउजवीकडे हळूहळू वळवीत, सुमारें १५ मिनिटें बसावें लागे. आमच्या काळीं वर्गांत पंधरा मिनिटें स्थिर बसणारा विद्यार्थी विरळाच होता! तर हा चेहरा जालावर इतर खेळाडूंस दिसूं शकेल, अशी अट प्रथम मान्य करावी लागे. अमेरिकेंतील इलिनॉय राज्याचा २००८ चा एक कायदा आहे. अशीं शारीरिक मापें घेण्यापूर्वीं तीं किती काळ ठेवणार व कशासाठीं, हें लेखी सांगून संमति घेतली पाहिजे, असें तो म्हणतो. त्याच्या आधारें एका भावाबहिणीनें कंपनीवर दावा लाविला. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयानें तो जानेवारी २०१७ मध्यें काढून टाकला. वादींनीं प्रत्यक्ष हानि दाखविली नाहीं, हें मत अपील-न्यायालयानेंहि त्याच वर्षीं उचलून धरलें.

निर्णय कायद्यास धरून असेल. आमचें समाधान मात्र होत नाहीं. परवलीचा शब्द चोरीस गेला तर दुसरा घेतां येतो. नाक दुसरें घेतां येत नाहीं. हानि घडून यावयास दहा वर्षें लागलीं, तर तोंवर त्या मुलानें कोणाकडे जावें?

हा प्रश्न परदेशापुरता आहे असें समजूं नये. कायनेक्टचें उत्पादन २०१७ मध्यें थांबलें, तरी तेंच काम आतां मोबाइलचा कॅमेरा करतो. आणि मोबाइल जळगांव-धुळ्याच्या घरोघरीं आहे, बहुधा आजोबांच्या उशाशीं. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्यें झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. अंमल टप्प्याटप्प्यानें व्हावयाचा आहे. १८ वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वीं पालकाची पडताळून पाहतां येईल अशी संमति हवी, असें त्यांत आहे, आणि मुलांसंबंधींच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पालक म्हणजे आईबाप, अथवा कायदेशीर पालक. एकत्र कुटुंबांतील आजोबा, काका व आत्या, ज्यांच्या फोनावर मुलें वस्तुतः खेळतात, त्यांस कायद्यानें ही संमति देण्याचा अधिकार दिलेला नाहीं. आणि नेमके तेच लोक "हो" हें बटण सर्वांत आधीं दाबतात.

आमच्या घरीं हा प्रसंग गेल्या दिवाळींत आला. "आजोबा, तुमचा फोन द्या ना, माझं डोकं चढवायचंय," असें नातू म्हणाला. आम्हीं त्यास त्याच्या आईकडे पाठविलें. सूनबाईंनीं अटींचीं सगळीं पानें वाचून काढलीं, त्यांत चांगली अर्धी घटका गेली, आणि त्यांनीं नको म्हटलें. नातू थोडा रुसला. मग खेळांतल्या तयार चेहऱ्यांतून त्यानें एक निवडला, त्यास टक्कल दिलें, वर पांढऱ्या मिशा लाविल्या, आणि तो चेहरा आमच्यासारखा दिसतो असें घरभर सांगत सुटला.