लायब्ररीचे बाइंडिंग आणि कुलकर्णीकाकांचा बिल्ला

स्कारबरोतल्या एका घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला जमलो होतो. शेजारी बसलेल्या काकूंनी विचारले, "तू नक्की काय करतोस रे कॉम्प्युटरमध्ये?" मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितले, "लायब्ररीची बाइंडिंग्ज करतो, काकू." त्यांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, मग माझ्याकडे वीस-बावीस जुने दिवाळी अंक आहेत, पानं सुटायला लागलीत. देशील का बांधून?"

त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनात राहिला. आपल्यापैकी निम्म्या घरांत कोणी ना कोणी या क्षेत्रात आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना तो माणूस दिवसभर काय करतो हे कळत नाही. तेव्हा काकूंना जे सांगायला हवे होते ते आज सविस्तर सांगतो.

आमची लायब्ररी म्हणजे तयार कामांचा साठा. पडद्यावर बटण काढणे, कागदावर अक्षरे जुळवणे, फाईल उघडणे, अशी कामे प्रत्येकाने नव्याने लिहीत बसू नयेत म्हणून कोणीतरी ती एकदाच नीट लिहून ठेवतो. अशा बऱ्याच जुन्या आणि भक्कम लायब्रऱ्या सी नावाच्या भाषेत आहेत. सी वेगवान आहे, पण कडक सासूसारखी आहे. वाटी कुठून घेतली, कुठे ठेवली, धुतली का, सगळ्याचा हिशेब द्यावा लागतो. आजचे बहुतेक लोक मात्र पायथॉनसारख्या सैल भाषेत लिहितात. या दोघींमध्ये बोलणे व्हावे म्हणून मध्ये जो दुभाषा बसवावा लागतो, ते बाइंडिंग.

दुभाषा कसा असावा हे आपल्याला वेगळे सांगायला नको. भारतातून आलेली आजी इथे वाढलेल्या नातवाला विचारते, "जेवलास का?" आणि मधली सून त्याचा शब्दशः तरजुमा करत नाही, ती म्हणते आजी तुझी चौकशी करत्येय. शब्द पोहोचवणारा दुभाषा यंत्रही होऊ शकते. रीत पोहोचवायला घरचे माणूस लागते.

पूर्वी हे काम बरेचसे हातानेच होई. गिंप नावाचा चित्रे रंगवण्याचा प्रोग्राम १९९५ च्या सुमारास बर्कलीत दोन विद्यार्थ्यांनी सुरू केला. त्यासाठी बनवलेली बटणे-खिडक्यांची लायब्ररी पुढे जीटीके म्हणून स्वतंत्रपणे नावारूपाला आली. ती पायथॉनमधून वापरता यावी म्हणून जेम्स हेन्स्ट्रिज या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने पायजीटीके लिहिले. त्याची पद्धत अर्धी यंत्राची, अर्धी हाताची होती. एका फाईलमध्ये सगळ्या फंक्शनांची यादी असे, त्यावरून यंत्र दुभाषाचे साधे भाग तयार करी. दुसऱ्या फाईलमध्ये माणसाने लिहिलेले अपवाद असत: हे फंक्शन वगळ, ते मी स्वतः लिहिले आहे, तुझे वापरू नकोस. त्याच सुमारास, १९९५ साली, लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत डेव्हिड बीझली यांनी स्विग नावाचे असेच साधन लिहिले. त्यातही नाव बदल, दुर्लक्ष कर, भर घाल, अशा सूचना आहेत. म्हणजे यंत्राने केलेल्या कामाला माणसाने मुरड घालायची गरज पहिल्या दिवसापासूनची आहे.

मूळ लायब्ररी वाढत गेली तसतशी पायजीटीकेच्या लोकांची दमछाक होऊ लागली. मग एक वेगळी युक्ती निघाली, तिला इंट्रोस्पेक्शन म्हणतात. सी लिहिणाऱ्यानेच फंक्शनच्या डोक्यावरच्या टिपणात ठरावीक खुणा करून ठेवायच्या. त्यावरून यंत्र संपूर्ण लायब्ररीचे वर्णन बनवते, आणि पायथॉन काय किंवा इतर कुठली भाषा काय, ते वर्णन वाचून आपला दुभाषा आयत्या वेळी उभा करते. २०११ साली जीटीके ३ आले आणि त्याच वर्षी या पद्धतीवरचे पायगोबजेक्ट ३ आले. पायजीटीके तिथेच थांबले.

या खुणांतली एक मला फार आवडते. सी कडून एखादी वस्तू मिळाली की ती आपली झाली, की नुसती बघायला दिली आहे? याला ट्रान्सफर म्हणतात. मंडळाच्या कार्यक्रमानंतर कोणी उरलेली भाजी डब्यातून दिली तर डबा परत करायचा की ठेवून घ्यायचा, तोच हा प्रश्न! आपला नसलेला डबा फेकून दिलात तर मालक शोधत येतो, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. आपला झालेला डबा कधीच आवरला नाहीत तर स्वयंपाकघर डब्यांनी भरून जाते, म्हणजे मेमरी गळते. खूण नीट केलेली असेल तर यंत्र हे बिनचूक सांभाळते. आणखी एक खूण सांगते की हे फंक्शन दुसऱ्या भाषांना दाखवूच नका. आणखी एक सांगते की या फंक्शनाला बाहेरच्या जगात त्या दुसऱ्याचे नाव द्या. ज्यांना कितीही आणि कसलीही मूल्ये चालतात अशी सी ची फंक्शने यंत्राला झेपत नाहीत. त्यांच्याऐवजी एक सुटसुटीत जुळे लिहून त्यालाच मूळ नाव बहाल करतात. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पण खुणांनी सगळे भागत नाही, हे मला एका गणेशोत्सवात कळले.

छापील किंवा पडद्यावरच्या मजकुराची जुळणी करणारी एक लायब्ररी आहे, पॅंगो. ग्रीक 'पॅन' म्हणजे सगळे आणि जपानी 'गो' म्हणजे भाषा, असे ते नाव. देवनागरीची जोडाक्षरे, रफार, वेलांट्या नेमक्या जागी बसवण्याचे काम तिच्या पोटातली हार्फबझ नावाची दुसरी लायब्ररी करते. तिचे मुख्य कर्ते बेहदाद इस्फाबोद हे इराणहून येऊन आपल्या टोरांटो विद्यापीठात शिकलेले. अरबी-फारसीचे दुखणे अंगावर असलेल्या माणसाने आपल्या 'ऱ्या'चीही सोय केली, याचे मला नेहमी अप्रूप वाटते.

तर, उत्सवासाठी नावांचे बिल्ले छापायचा एक छोटा प्रोग्राम मी पॅंगोवर लिहिला होता. पॅंगोच्या 'सेट_टेक्स्ट' या फंक्शनाला सी मध्ये दोन गोष्टी द्याव्या लागतात: मजकूर, आणि त्याची लांबी. लांबी मोजायची नसेल तर उणे एक द्यायचे, म्हणजे शेवटपर्यंत घ्या. पायजीटीकेत ही लांबी मागतच नसत, कारण पायथॉनला मजकूर कुठे संपतो ते ठाऊक असते. यंत्राने बनवलेल्या नव्या दुभाषाने मात्र इमानेइतबारे दोन्ही गोष्टी मागितल्या. मी म्हटले मागतोय तर देऊ या, आणि पायथॉनने मोजलेली अक्षरसंख्या दिली. इंग्रजी नावे घालून तपासले, सुरेख छापली गेली.

घोटाळा असा की पायथॉन अक्षरे मोजतो आणि पॅंगोला हवे असतात बाइट. इंग्रजी अक्षराला एकच बाइट लागतो, म्हणून दोन्ही आकडे जुळतात. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'कुलकर्णी' हा शब्द संगणकाच्या हिशेबाने आठ चिन्हांचा: क, उकार, ल, क, र, हलन्त, ण, वेलांटी. म्हणजे चोवीस बाइट. मी सांगितले आठ. पॅंगोने आठ बाइट घेतले, त्यात दोन चिन्हे पूर्ण बसली आणि तिसऱ्याचे तुकडे झाले. ज्येष्ठांनी हौसेने मागून घेतलेल्या देवनागरी बिल्ल्यांवर छापून आले 'कु' आणि पुढे रिकाम्या चौकटी. सत्तरीचे कुलकर्णीकाका बिल्ला लावून दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "मी कु. आहे, स्थळं सुचवा." काकू अर्थातच शेजारी होत्या. बाकीच्यांना मात्र ते इतके गमतीचे वाटले नाही. वर्षातून एकदा आपले नाव आपल्या लिपीत छातीवर लावायला मिळते, आणि तेच अर्धे! एका आजींनी बिल्ला न बोलता पर्समध्ये ठेवून दिला. तो मला अजून दिसतो.

यंत्राची यात काही चूक नव्हती. लांबी ही एक पूर्ण संख्या आहे, एवढेच त्याला माहीत होते, आणि तेवढे खरेच होते. पायथॉनच्या माणसाला हा प्रश्न विचारूच नये, हे मात्र माणसालाच कळणार. म्हणून पायगोबजेक्टमध्ये ओव्हरराइड नावाचा एक कप्पा आहे. यंत्राने बनवलेल्या वर्गावर तिथे माणसाने लिहिलेला पातळ थर चढतो. आज त्या थरात सेट_टेक्स्टची लांबी दिलीच नाही तर आपोआप उणे एक धरली जाते. तसाच याद्यांचा प्रकार. सी मध्ये यादीत नवी ओळ घालायची तर आधी रिकामी ओळ मागायची, मग तिचे रकाने भरायचे. पायथॉनमध्ये या थरामुळे एका वाक्यात भरलेली ओळ देता येते. थर पातळ ठेवणे महत्त्वाचे. प्रत्येकाने आपली हौस भागवायला तो जाड केला की पुन्हा पायजीटीकेच्याच दमछाकीवर आपण येऊ.

आता एक बारकावा. लांबी ऐच्छिक झाली, काढून टाकली नाही. का? कारण मधल्या काळात हजारो लोकांनी उणे एक लिहून ठेवले होते. काढून टाकली असती तर त्या सगळ्यांचे प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले असते. त्यामुळे माझ्यासारख्याला चुकीचा आकडा देऊन तोंडघशी पडायची सोय आजही शाबूत आहे.

इथे आमच्या धंद्यातला दुसरा अवघड शब्द येतो, डेप्रिकेट करणे. मराठीत 'निवृत्तीची नोटीस' म्हणता येईल. गोष्ट चालू राहते, पण वापरणाऱ्याला सांगितले जाते की ही जाणार आहे, त्याऐवजी अमुक वापरा. पायगोबजेक्टमध्ये याचीही सोय आहे. ठरावीक वेळाने काम करण्याचे 'टाइमआउट_ॲड' हे फंक्शन लोक जीऑब्जेक्ट या दालनातून घेत, त्याचे खरे घर जीलिब. मग जुन्या दारावर एक पहारेकरी बसवला: आत जाऊ देतो, पण जाताना म्हणतो, हे दार जुने झाले, यापुढे जीलिबच्या दाराने या. ही कुरकुर विषम क्रमांकाच्या, चाचणीच्या आवृत्त्यांत मोठ्याने होई आणि सम क्रमांकाच्या पक्क्या आवृत्त्यांत पायथॉनच्या रिवाजाप्रमाणे हळू आवाजात. सामान्य वापरणाऱ्याच्या कानावर ती पडू नये, लिहिणाऱ्याच्या पडावी, हा हेतू.

स्कारबरोकरांना नोटिसांचे महत्त्व पटवून द्यायला नको. १९८५ पासून केनेडी ते मॅकावन धावणारी आपली निळी आरटी नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद होणार हे आधी जाहीर झाले होते, पर्यायी बसची आखणीही झाली होती. पण जुलैतच एलस्मिअरजवळ शेवटचा डबा रुळावरून घसरला आणि गाडी पुन्हा सुरू झालीच नाही. ठरल्या तारखेआधीच लोक बसच्या रांगेत. तरी बरे, कुठे जायचे ते ठरलेले होते. नोटीसच नसती तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

मी स्वतः मात्र नोटीस न देता वागलो होतो. बिल्ल्यांच्या प्रकरणानंतर माझ्या प्रोग्राममधला लांबीचा रकाना मी त्याच रात्री रागाने उपटून टाकला. दुसऱ्या गावच्या एका मंडळाने तो प्रोग्राम माझ्याकडून नेला होता, आणि त्यांनी तिथे शहाणपणाने उणे एक भरले होते. त्यांचा कार्यक्रम पुढच्याच शनिवारी. शुक्रवारी रात्री अकराला फोन: "अहो, छापतच नाही काही." चूक एकट्या माझीच, आणि पहिल्या चुकीपेक्षा मोठी, कारण या वेळी बरोबर लिहिणाऱ्यांना शिक्षा झाली होती.

रकाना परत आणला. आज माझ्या थरात तो असा आहे: काहीच दिले नाही तर सगळे ठीक. उणे एक दिले तर काम होते, पण लिहिणाऱ्याला एका ओळीत कळते की हा रकाना जाणार आहे, रिकामा सोडा. दुसरा कुठलाही आकडा दिला तर तो मी मानतच नाही, पूर्ण नाव छापतो आणि तक्रार जरा मोठ्याने करतो. शिवाय भाषा मराठी आहे हे मीच पॅंगोला सांगून टाकतो, म्हणजे फॉंटमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. ते मूळ लायब्ररीने गृहीत धरू नये, पण मंडळाच्या बिल्ल्याने अवश्य धरावे.

रकाना कायमचा कधी काढायचा? प्रोग्राम वापरणाऱ्या दोन्ही मंडळांना कळवले आहे: पुढचे दोन गणेशोत्सव पार पडू देत, मग. कुलकर्णीकाकांना नवा बिल्ला केव्हाच छापून दिला. तो ते लावत नाहीत, जुनाच लावतात.