एक रुपयाच्या भाकरीचा हिशेब

झटपट खाण्याची साखळी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे परदेशी बर्गरची दुकाने येतात, नाहीतर वडापावच्या रंगीत पाट्या. पण मॅकडोनाल्ड्सने १९९६ साली भारतात पहिले दुकान उघडले, त्याच्या एक वर्ष आधीच महाराष्ट्रात सरकारने स्वतःची एक साखळी काढली होती. मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी यांच्या नेतृत्वाखाली शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले आणि निवडणुकीत दिलेल्या शब्दाप्रमाणे एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे राज्यभर उघडली. जागा सरकारने द्यायची, केंद्र चालकाने चालवायचे आणि भावातली तूट अनुदानातून भरून काढायची, अशी ती रचना. पुढे सरकार बदलले आणि २००० साली योजना गुंडाळली गेली. योजना संपली तरी स्टॉल मात्र जागच्या जागी राहिले. अनेक ठिकाणी पाटीवर झुणका-भाकर आणि काउंटरवर वडापाव, शीतपेये, बिस्किटाचे पुडे, असे चित्र त्यानंतर कितीतरी वर्षे दिसत होते. लोकांची चव बदलली म्हणून भाकर मागे पडली, असे त्यावर सरसकट सांगितले जाते. मला ते पटत नाही. खाणारे होते तिथेच होते. चालकाचे पोट मात्र भाकरीवर भरत नव्हते, त्याची कमाई जागेत होती. ज्या साखळीत मुख्य पदार्थ विकून तोटा आणि नुसती जागा अडवून नफा होतो, ती टिकत नाही. आज शिवभोजन थाळीची चाल त्याच दिशेने आहे, म्हणून हा जुना हिशेब पुन्हा मांडायला हवा.

हा हिशेब ठाणे जिल्ह्यात मांडायचा तर ठाणे-कल्याणमध्ये मांडून उपयोग नाही, शहापूर आणि मुरबाडमध्ये मांडावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाण्याच्या उरलेल्या भागात आदिवासी वस्तीचे मोठे पट्टे याच दोन तालुक्यांत आहेत. डोळखांब, किन्हवली, कसारा या भागांतून माणूस शहापूरला येतो. धसई, टोकावडे या बाजूंनी मुरबाडला. कामे ठरलेली असतात: तहसील कचेरीतला दाखला, रुग्णालयातला रुग्ण, कोर्टाची तारीख, बँकेतले अनुदान, पोराचा शाळा-कॉलेजातला प्रवेश. शहापूरला निदान आसनगावचे स्टेशन जवळ आहे. मुरबाडला रेल्वेच नाही, सगळी भिस्त एसटीवर आणि खासगी जीपवर. सकाळची गाडी पकडायची तर घरातून न्याहारी न करताच निघावे लागते, आणि साहेब दुपारनंतर भेटतील असे कळले की दिवस तिथेच जातो. अशा माणसाला बाहेर खाण्याची हौस नसते, पण बाहेर खाल्ल्यावाचून गत्यंतरही नसते. दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाची गोष्ट तीच. दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेला माणूस जेवणावर किती खर्च करू शकतो? तो चहा-वडापाव खाऊन वेळ मारून नेतो. तेव्हा स्वस्त, पोटभर, शिजवलेल्या अन्नाची गरज १९९५ मध्ये होती आणि आजही आहे. गिऱ्हाईक संपले म्हणून साखळी संपली, हे म्हणणे इथे टिकत नाही.

मग भाकर का हरली? त्याचे उत्तर चुलीजवळ गेल्याशिवाय मिळत नाही. देशावर भाकर ज्वारी-बाजरीची, पण शहापूर-मुरबाडकडे ती तांदळाची किंवा नाचणीची. तांदळाच्या पिठाची उकड काढावी लागते. आधणात पीठ घालून, झाकण ठेवून वाफ द्यायची, हाताला सोसेल तितके गरम असतानाच ते मळायचे, पाण्याचा हात लावत परातीत गोल थापायचे. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाणी फिरवायचे, ते सुकायच्या आत उलटायचे आणि शेवटी भाकर फुगवायची. यातली एकही पायरी घाईत उरकत नाही. थापणारी बाई सरावाची असली तरी एका वेळी एकच भाकर होते, आणि ती गरम आहे तोवरच खरी. दोन तासांनी तिची चव जाते, संध्याकाळपर्यंत ती वातड होते. झुणक्याला फार वेळ लागत नाही. फोडणी, कांदा, लसूण, मिरची, बेसन, की झाला. अडचण आहे ती भाकरीची. याउलट वडा पाहा. बटाट्याची भाजी सकाळी करून ठेवता येते, एका घाण्यात वीस वडे तळून निघतात, पाव बेकरीतून येतो, आणि उभ्या उभ्या खाता येत असल्याने बाकडे लागत नाही, ताट लागत नाही, ताट धुवायला माणूसही लागत नाही. २००४ साली कल्याणमध्ये सुरू झालेल्या गोली वडापावने तर वडा कारखान्यात तयार करून, गोठवून शाखांना पुरवण्याची पद्धत बसवली. सगळ्या शाखांत एक चव, आणि प्रत्येक शाखेत मुरलेल्या आचाऱ्याची गरज नाही. साखळी उभी राहते ती अशा पदार्थावर. भाकर मात्र प्रत्येक केंद्रावर, प्रत्येक दुपारी, कुणाच्या तरी हाताने नव्याने थापावी लागते. म्हणजे तिच्यात जास्तीत जास्त खर्च मजुरीचा, आणि एक रुपया ठरवताना नेमका त्याच मजुरीचा विचार सर्वांत कमी झाला. ही मजुरी बहुतेक वेळा बाईची असते, म्हणूनच ती हिशेबात धरली जात नाही, असे मला वाटते. घरात जे काम फुकट होते त्याला बाजारातही किंमत नसणार, असे धोरण आखणारे धरून चालले.

दुसरी गोष्ट जागेची. झुणका-भाकर केंद्रांना मिळालेल्या जागा मोक्याच्या होत्या: रहदारीचे चौक, रुग्णालयांची दारे, स्थानकांच्या आसपासचे पदपथ. बाजारभावाने अशी जागा घ्यायची तर छोट्या माणसाच्या आवाक्याबाहेर. चालकाला ती जवळजवळ फुकट मिळाली, अट एवढीच की एक रुपयात झुणका-भाकर द्यायची. आता चालकाच्या बाजूने विचार करून पाहा. भाकर विकली की नफा नाही; अनुदान वेळेवर आले तर खर्च जेमतेम निघतो. चहा, वडा, शीतपेय विकले की रोख पैसा लगेच गल्ल्यात. कुठलाही शहाणा माणूस झुणका-भाकर दाखवण्यापुरती ठेवील आणि बाकीचे जोरात विकेल. त्यात चालकाची नियत खोटी असायला हवी असे नाही. योजनेची घडीच त्याला तिकडे ढकलत होती. पुढे अनुदान थांबल्यावर भाकर पूर्ण गेली आणि जागा राहिली. त्या जागा परत घेण्यासाठी मुंबईत पालिकेला आणि शासनाला वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या. भाकरीसाठी कुणी कोर्टात गेल्याचे ऐकिवात नाही, भांडण झाले ते चार हात जागेसाठी. साखळीचा खरा माल कोणता होता, हे त्यावरून कळते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: भाकर हा मुळात साखळीचा पदार्थच नव्हे, तेव्हा योजना कशीही आखली असती तरी ती बुडालीच असती. पण पुण्यात याचे उत्तर पन्नास वर्षे डोळ्यांसमोर आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. बाजारात पाठीवर पोती वाहणाऱ्याला परवडेल असे ताजे जेवण, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. पुढे तिच्या शाखा वाढल्या आणि हमालांबरोबर रिक्षावाले, विद्यार्थी, गावाहून आलेले लोक असे सगळेच तिथे जेवू लागले. तिथेही भाकर हातानेच थापावी लागते, तिथेही महागाई आहे. फरक दोन ठिकाणी आहे. एक तर दर हा खर्चावर ठरतो, घोषणेवर नाही. डाळ-पीठ महागले की दर वाढतो आणि का वाढला हे खाणाऱ्याला समजते. दुसरे म्हणजे ही साखळी ज्यांच्यासाठी आहे त्यांच्याच संघटनेची आहे, त्यामुळे भाकर बंद करून जागेवर दुसरेच काही विकण्यात कुणाचे हित नाही. झुणका-भाकर केंद्रांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

आता शिवभोजनाकडे येऊ. २६ जानेवारी २०२० रोजी उद्धव ठाकरे सरकारने ही योजना सुरू केली. दहा रुपयांत प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण. टाळेबंदी लागली तेव्हा थाळी पाच रुपयांना झाली आणि योजना तालुक्यांपर्यंत पोहोचली. २०२१ मध्ये काही महिने ती मोफतही होती. त्या काळात या थाळीने अनेकांना तारले, हे तिच्या विरोधकांनीही मान्य करावे. रचनेतही सुधारणा होती: थाळीमागे शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये असा दर ठरला, ग्राहकाचे दहा वजा जाता उरलेले ४० किंवा २५ रुपये शासनाने द्यायचे. प्रत्येक जेवणाऱ्याचे नाव आणि फोटो ॲपवर चढवायचा. म्हणजे अनुदान थाळीला जोडले गेले, जागेला नाही. पण जुना रोग दुसऱ्या वाटेने आत आला. समजा, ग्रामीण भागातले एखादे केंद्र रोज १०० थाळ्या देते. त्याच्या हाती रोख येतात १,००० रुपये; २,५०० रुपये सरकारकडे बिल म्हणून जातात. महिन्याचे ते ७५,००० होतात. तीन महिने बिल थकले तर सव्वादोन लाख रुपये केंद्रचालकाचे, बहुतेकदा एखाद्या बचत गटाचे किंवा छोट्या खानावळीचे, अडकून पडतात. किराणा दुकानदार इतकी उधारी देत नाही, आणि व्यावसायिक गॅस सिलिंडर तर उधारीवर मिळतच नाही. २०२५ मध्ये राज्यभरचे केंद्रचालक थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर उतरले ते याच कोंडीतून. शिवाय ३५ चा दर कुठल्या हिशेबाने ठरला, हेही कोडेच आहे. गावात मजुरी थोडी कमी असेल, पण सिलिंडर कल्याणपेक्षा स्वस्त नसतो आणि बाहेरून येणाऱ्या भाजीवर गाडीभाडे चढते. भातसा आणि तानसाचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. तिथे स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या पाण्याचाही खर्च असतो. तो ३५ रुपयांत कुठे धरला आहे? दर वाढत नाही आणि बिल मिळत नाही, तेव्हा चालकापुढे तीनच वाटा राहतात: थाळीतले वरण पातळ करायचे, ॲपवर खोटी माणसे जेवू घालायची, नाहीतर शटर ओढायचे. प्रामाणिक असतो तो तिसरी वाट धरतो. म्हणजे ही रचना चांगल्या चालकाला आधी बाहेर काढते आणि बनवाबनवी करणाऱ्याला टिकवते. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

बनावट थाळ्यांचे आरोप झाले म्हणून योजनाच बंद करा, असे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की खोटे फोटो पकडायला पथक नेमणे स्वस्त की खऱ्या भुकेल्याला परत पाठवणे? दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे. २०२३ पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळते, मग शिजवलेले अन्न वेगळे कशाला? पण रेशनचे धान्य घरच्या चुलीपर्यंत जाते. उपजिल्हा रुग्णालयाबाहेर बाळंतिणीसाठी थांबलेल्या सासूजवळ चूल नसते, आणि कचेरीच्या ओट्यावर नंबराची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्याजवळही नसते. घरातल्या भुकेसाठी रेशन आहे, वाटेवरच्या भुकेसाठी दुसरी व्यवस्था लागते. राहिला प्रश्न तिजोरीचा. लाखो कोटींचा अर्थसंकल्प असलेल्या राज्याला थाळीमागचे २५ किंवा ४० रुपये जड होतात, हे मान्य करणे अवघड आहे. जड होते ते दुसऱ्याच्या नावाची थाळी चालवणे. तमिळनाडूत जयललिता यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘अम्मा उणवगम’ २०२१ मध्ये द्रमुकचे सरकार आल्यावरही चालू राहिली. आंध्रात मात्र २०१८ मध्ये उघडलेली ‘अण्णा कँटीन’ २०१९ मध्ये सरकार बदलताच बंद पडली आणि जुने सरकार परत आल्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा उघडली. मधली पाच वर्षे तिथल्या मजुराची भूक कोणत्या पक्षाची होती? महाराष्ट्रात झुणका-भाकर एका सरकारची ठरली आणि थाळी दुसऱ्या सरकारची. कष्टाची भाकर कोणत्याच सरकारची नव्हती, म्हणून कुणाच्या जाण्याने ती बंद पडली नाही.

शहापूर आणि मुरबाडपुरते बोलायचे तर करण्यासारख्या गोष्टी फार नाहीत आणि अवघडही नाहीत. केंद्रचालकांची थकबाकी आधी चुकती करावी. ग्रामीण दर शहराइतका करावा आणि तो दरवर्षी धान्य, डाळ, तेल, गॅस यांच्या भावाशी जोडावा, म्हणजे त्यासाठी कुणाला आंदोलन करावे लागणार नाही. एसटी स्थानक, रुग्णालय आणि तहसील कचेरी या तीन ठिकाणी बचत गटांना जागा द्यावी, पण करार जागेचा न करता जेवणाचा करावा. जेवण थांबले की जागा परत. थाळीत पोळीच हवी हा आग्रह सोडून इथल्या तांदळाच्या आणि नाचणीच्या भाकरीला मुभा द्यावी, आणि ती थापणाऱ्या बाईची मजुरी दरात वेगळी दाखवावी. पंचायत समितीच्या सदस्यांपासून आमदारांपर्यंत जे कुणी मत मागायला दारात येतील, त्यांना वाचकांनी आपल्या तालुक्यातल्या केंद्राचे बिल किती महिन्यांचे थकले आहे, हे आकड्यात विचारावे.