जठरातील एक जंतू आणि माणसाची जनुके

जठरव्रण, म्हणजे ज्याला लोक पोटातील अल्सर म्हणतात तो विकार, काळजी करणाऱ्या, जागरणे करणाऱ्या आणि तिखट खाणाऱ्या माणसांचा होय, ही समजूत केवळ सामान्य जनांतच नव्हे तर वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ रूढ होती. रुग्णास सौम्य आहार व विश्रांती सांगितली जाई, आम्लनाशक औषधे दिली जात आणि तेवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया केली जाई. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जंतू तग धरू शकणार नाही, हे तर गृहीतच होते.

या गृहीतकाला पहिला तडा गेला तो ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात. रॉबिन वॉरन या विकृतिशास्त्रज्ञांना १९७९ मध्ये रुग्णांच्या जठराच्या अस्तरातून काढलेल्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वाकड्या आकाराचे जंतू दिसले. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांनी त्यांच्यासमवेत काम सुरू केले. परंतु प्रयोगशाळेत जंतूंची वाढ काही केल्या होईना. १९८२ मधील ईस्टरच्या सुटीत तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि सुटीनंतर त्यांवर जंतूंच्या वसाहती आढळल्या. हा जंतू सावकाश वाढणारा होता, एवढेच! तरीही वैद्यकविश्वास हे पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी या जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले. काही दिवसांतच त्यांना मळमळ व उलट्या सुरू झाल्या आणि दहाव्या दिवशीच्या दुर्बिणीच्या तपासणीत त्यांच्या जठराच्या अस्तरास दाह झाल्याचे दिसून आले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या या जंतूच्या शोधाबद्दल उभयतांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आम्लातील वास्तव्य

हा जंतू आम्लात जगतो तरी कसा? त्याच्यापाशी यूरिएज नावाचे एंझाइम मोठ्या प्रमाणावर असते. जठरात स्वाभाविकपणे असणाऱ्या यूरियाचे विघटन करून तो अमोनिया तयार करतो व स्वतःभोवतीचे आम्ल सौम्य करतो. मग आपल्या शेपटीसारख्या तंतूंच्या साह्याने, मळसूत्राप्रमाणे फिरत, तो अस्तरावरील चिकट श्लेष्माच्या थरात शिरतो. तेथे आम्लाचा जोर कमी असतो. संसर्ग बहुधा लहानपणी, घरातल्या घरातच होतो. दाट वस्ती, अस्वच्छता व दूषित पाणी यांमुळे त्यास वाव मिळतो आणि उपचार न झाल्यास जंतू प्रायः जन्मभर सोबत राहतो.

ही सोबत फार पुरातन आहे. जंतूंच्या जनुकीय अभ्यासावरून, सुमारे ६० हजार वर्षांपूर्वी मानवाने आफ्रिकेबाहेर पाऊल टाकले तेव्हाही तो मानवाच्या जठरात होता, असे अनुमान निघाले आहे. आल्प्स पर्वताच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाच्या जठरातही त्याचे अवशेष मिळाले. आणि नवलाची गोष्ट अशी की, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार त्या जंतूचे जवळचे नाते आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणांशी जुळते.

जंतू एक, परिणाम अनेक

जगातील जवळजवळ निम्म्या प्रौढ माणसांच्या जठरात हा जंतू आढळतो. भारतात हे प्रमाण त्याहून अधिकच आहे. पण त्यांपैकी बहुसंख्यांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही. साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना व्रण होतो आणि एक ते तीन टक्क्यांना जठराचा कर्करोग. जंतू तोच असता फळ इतके निरनिराळे का, हा या विषयातील खरा प्रश्न आहे.

उत्तराचा एक भाग जंतूत आहे. या जंतूच्या सर्व वाणांची घातकता सारखी नसते. काही वाणांपाशी ‘कॅग-ए’ नावाचे प्रथिन असते व ते सुईने टोचावे तसे थेट अस्तराच्या पेशीत सोडण्याची यंत्रणाही असते. पेशीत गेलेले हे प्रथिन तिच्या वाढीच्या व परस्परांना धरून राहण्याच्या व्यवहारात ढवळाढवळ करते. पूर्व आशियातील वाणांत त्याचे स्वरूप अधिक प्रखर आढळते.

दुसरा भाग माणसात आहे. रोगप्रतिकारक यंत्रणा जंतूवर पांढऱ्या पेशी धाडते, प्रतिपिंडेही तयार करते. परंतु जंतू श्लेष्मात दडलेला असल्याने तो क्वचितच नष्ट होतो. शिवाय प्रतिकार आवरता ठेवणाऱ्या पेशींनाही तो चेतवतो. परिणामी लढाई निकालात निघत नाही व मंद दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. हानी होते ती मुख्यतः या दाहामुळे. तो किती तीव्र असावा हे काही अंशी आनुवंशिक असते. इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रथिन दाह वाढविते आणि आम्लाचा स्राव रोखते. या प्रथिनाच्या जनुकातील विशिष्ट भेद असणाऱ्या व्यक्तींत संसर्गानंतर कर्करोगाचा धोका अधिक असतो, असे २००० मध्ये स्कॉटलंड व पोलंडमधील अभ्यासातून पुढे आले.

येथे आम्लाची भूमिका ध्यानात घेण्यासारखी आहे. दाह जठराच्या खालच्या टोकापुरता मर्यादित राहिला तर आम्ल वाढते व लहान आतड्याच्या आरंभी व्रण होतो. तोच दाह जठराच्या मुख्य भागात पसरला तर आम्ल निर्माण करणाऱ्या ग्रंथी झिजतात, आम्ल घटते आणि कर्करोगास अनुकूल भूमी तयार होते. म्हणूनच आतड्याचा व्रण झालेल्यांत जठराचा कर्करोग सहसा आढळत नाही. पोटात जळजळ नाही म्हणून धोका नाही, असे मात्र यावरून म्हणता येत नाही. उलट आम्ल घटलेल्या माणसास जळजळ जाणवणारही नाही.

जनुकांचा हा संबंध जपानमधील २०२३ च्या एका मोठ्या अभ्यासाने अधिकच स्पष्ट केला. पेशीतील तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या काही जनुकांत जन्मजात दोष असतो. स्तनांच्या कर्करोगाच्या संदर्भात परिचित झालेली बीआरसीए जनुके याच गटातील होत. जंतूचा संसर्ग असून असा दोषही असलेल्या व्यक्तींत वयाच्या ८५ व्या वर्षापर्यंत जठराचा कर्करोग होण्याची शक्यता ४५.५ टक्के, तर संसर्ग असूनही दोष नसलेल्यांत ती १४.४ टक्के आढळली. संसर्ग नसलेल्यांत ती याहून पुष्कळच कमी होती. जंतूमुळे डीएनए तुटतो आणि तो सांधणारी यंत्रणा जन्मतःच दुबळी असते, असे हे दुहेरी संकट होय. जनुके बदलता येत नाहीत. जंतू मात्र घालविता येतो.

भारताचे चित्र याहून वेगळे आहे. येथे संसर्ग सर्वत्र असूनही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान वा चीनच्या मानाने पुष्कळ कमी आहे. या कोड्याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. त्यातही मिझोराम अपवाद ठरतो. देशात या कर्करोगाचे प्रमाण तेथे सर्वाधिक असून धुरावर वाळविलेले मांस, तंबाखूचा धूर मुरविलेले पाणी तोंडात धरण्याची प्रथा यांकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे. जंतू आणि जनुके यांच्या जोडीस आहारविहारही असतोच.

तपासणी व उपचार

जंतूचे यूरिएज त्याचा ठावठिकाणाही सांगते. खुणेचा कार्बन असलेला यूरिया रुग्णास पाजून त्याच्या श्वासात तो कार्बन येतो का, हे पाहिले जाते. शौचाच्या नमुन्यावरून अथवा दुर्बिणीद्वारेही निदान होते. आम्ल कमी करणारे औषध व दोन किंवा अधिक प्रतिजैविके असा उपचार सामान्यतः १४ दिवस चालतो. चीनच्या शांदोंग प्रांतातील लिंछू परगण्यात १९९५ मध्ये केवळ दोन आठवड्यांचा उपचार घेतलेल्या लोकांत पुढील २२ वर्षांत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले.

तथापि सरसकट सर्वांना गोळ्या देणे आपल्याकडे व्यवहार्य नाही. जुलाब-आवेसाठी वारेमाप वापरल्या गेलेल्या मेट्रोनिडाझोलला भारतातील बरेच जंतू आता दाद देत नाहीत, आणि अर्धवट सोडलेल्या औषधाने हा हट्टीपणा वाढतोच. म्हणून तपासणीचा आग्रह धरावयाचा तो व्रण झालेल्यांसाठी, दीर्घकाळ वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या आई, वडील वा भावंडांस जठराचा कर्करोग झाला आहे त्यांच्यासाठी. डांबरासारखी काळी शौचास होणे, अकारण वजन घटणे, अन्न गिळताना अडणे किंवा वारंवार उलट्या होणे ही लक्षणे दिसताच रुग्णास आम्लपित्ताच्या गोळ्यांवर न ठेवता दुर्बिणीच्या तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठविले पाहिजे.